घळीपलीकडचा कातळ

समुद्र खूप आत गेला होता. अंधारात त्याचा फक्त आवाज येत होता, तोही लांबून, शेजारच्या घरात कुणी बोलत असावं तसा. इक्बालनं गाडीच्या बॉनेटवर थर्मास ठेवून तीन कपांत चहा ओतला. पहिला कप त्यानं दिनकरला दिला. दिनकर चहा प्यायला, कप झटकून परत ठेवला आणि ट्रायपॉड खांद्यावर टाकून म्हणाला, "मी पुढं होतो."

त्यात नवल काहीच नव्हतं. पुढं तोच व्हायचा. कॉलेजात असल्यापासून आम्ही तिघं कोल्हापुरातनं फोंडा घाट उतरून समुद्राचे फोटो काढायला येत होतो, आणि दरवेळी सगळ्यांत पुढच्या, सगळ्यांत ओल्या खडकावर दिनकर उभा असायचा. मी मधेच कुठंतरी, पाय कोरडे राहतील अशा बेतानं. इक्बालचा शाहूपुरीत स्टुडिओ होता. लग्नाच्या मांडवांत उभं राहून राहून त्याचा गुडघा गेलेला, त्यामुळं तो वाळूवरच खुर्ची टाकून बसायचा आणि लांब पल्ल्याची लेन्स लावून होड्या टिपायचा.

ही गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची. आम्ही तेव्हा पन्नाशी ओलांडलेली होती. गाव देवगडच्या अलीकडचं. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं साधी आहेत आणि त्यांच्या किनाऱ्याला उगाच कुणी नाव ठेवू नये.

त्या वेळचं येणं मात्र बऱ्याच वर्षांनी होतं. मधली आठ-नऊ वर्षं दिनकर कुठंच गेला नव्हता. त्याची बायको कुमुद पंचेचाळिशीतच विसरायला लागली. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. डॉक्टरांनी नाव सांगितलं, औषध नाही हेही सांगितलं. दिनकर पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होता. त्यानं नोकरी सोडली आणि घरी बसला. त्यांना मूलबाळ नव्हतं. शेवटची तीन वर्षं ती अंथरुणावरच होती. तिला भरवणं, धुणं, केस विंचरणं, सगळं तो करायचा. बाई ठेव म्हटलं तर म्हणायचा, तिला परका हात लागला की ती घाबरते. मी जायचो तेव्हा ती माझ्याकडं बघून हसायची. तिला मी कोण ते ठाऊक नसायचं, पण आलेल्या माणसाकडं बघून हसायचं असतं एवढं तिच्यात कुठंतरी उरलं होतं.

भाद्रपदात ती गेली. आणि मार्गशीर्षात दिनकरचा फोन आला, समुद्रावर जाऊया म्हणून.

मला किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही. मी इक्बालला लगेच कळवलं. तोही म्हणाला, चला, गडी सावरला. तारीख दिनकरनंच ठरवली, अमावास्येच्या दुसऱ्या दिवसाची. अमावास्येच्या आसपास पहाटे पाणी फार आत जातं आणि एरवी न दिसणारे कातळ उघडे पडतात. फोटोला त्यापरतं चांगलं काय? आदल्या संध्याकाळी आम्ही पोहोचलो. आम्ही नेहमी ज्यांच्याकडं उतरायचो त्या लोके काकूंनी बांगडा केला होता. दिनकर जेवला थोडंच, पण बोलला पुष्कळ. कॉलेजातल्या गमती, आम्ही तिघांनी मिळून घेतलेला पहिला कॅमेरा, इक्बालनं रोलच उलटा घातला होता ते. जेवण झाल्यावर काकूंना म्हणाला, तुमच्या हातचं खाऊन समाधान झालं. काकू लाजल्या.

तर पहाटेचं सांगत होतो. त्या किनाऱ्याच्या उजव्या अंगाला डोंगराचं नाक समुद्रात शिरलंय. त्याच्या पायथ्याशी काळ्या कातळाचा लांबलचक ओटा आहे, आणि ओट्याच्या टोकाला, एक घळ ओलांडून, एक सुटा उंचवटा. ओहोटीला घळ जवळजवळ कोरडी असते. घोट्याएवढ्या पाण्यातून चालत जाता येतं. भरती लागली की पाणी दोन्ही बाजूंनी त्याच घळीत घुसतं. दिनकर त्या पलीकडच्या उंचवट्यावर गेला होता. त्याच्या बॅटरीचा ठिपका हलताना मी पाहिला, मग तो विझला.

मी ओट्यावर मध्यावर कॅमेरा लावला. आपल्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रातून उगवत नाही. तो मागून, डोंगराआडून येतो, आणि समुद्राला उजेड फार सावकाश कळतो. आधी आभाळ राखी होतं, मग पाणी शिशासारखं, मग कुठूनतरी एक फिकट गुलाबी रंग त्याच्यावर उतरतो आणि बघेस्तोवर जातो. त्या वेळी शटर बराच वेळ उघडं ठेवलं की फोटोत लाटांचा धूर होतो. मी त्यात गुंतलो होतो. दिनकरची आकृती माझ्या चौकटीच्या डाव्या कडेला येत होती, काळी, ट्रायपॉडशेजारी उभी. मला वाटलं, छान आहे, असू दे.

खिशातला फोन वाजला. इक्बाल होता. वाळूवरून माझ्यापर्यंत हाक पोहोचली नसती.

"बापू, दिनकरच्या ट्रायपॉडवर कॅमेरा नाही."

मी म्हणालो, लेन्स बदलत असेल.

"नाही लेका. त्याचाच फोटो घ्यावा म्हणून लेन्स लावून केव्हापास्नं बघतोय. नुसता उभा हाय. ट्रायपॉड उघडलाय, वर काय नाही." त्याला धाप लागलेली ऐकू येत होती. "गाडीपर्यंत जाऊन आलो आत्ता. त्याची बॅग मागच्या सीटवर हाय. काढलीच नाही त्यानं."

मी दिनकरकडं पाहिलं. आता उजेड पुरेसा होता. तो समुद्राकडं तोंड करून उभा होता, दोन्ही हात बाजूला सोडलेले. फोटो काढणारा माणूस असा कधीच उभा राहत नाही.

"तू जा," इक्बाल म्हणाला. "माझ्याच्यानं त्या शेवाळावरनं येववणार नाही. जा तू. काय विचारू नको त्याला. नुसता जा."

मी कॅमेरा ट्रायपॉडवरून काढून गळ्यात अडकवला आणि निघालो. का अडकवला ते आजही सांगता येत नाही. रिकाम्या हातानं जायला भीती वाटली असेल. ओट्याच्या टोकाला आलो तर घळीत पाणी चालू झालं होतं. एक लाट उजवीकडून आली, एक डावीकडून, आणि मधे भेटून फेस झाला. मग सगळं ओसरून तळचे दगड दिसले. मला पोहता येत नाही. कोल्हापुरात विहिरीवर न गेलेला माझ्या वयाचा मी एकटाच असेन. मी ओसरण्याची वाट बघितली आणि उतरलो. मांडीपर्यंत भिजलो. पलीकडं चढताना कातळाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांनी तळहात कापला.

दिनकरनं मान वळवली. माझ्याकडं बघून त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. राग नव्हता, भीती नव्हती. आजारी माणसाला फार कष्टानं झोप लागावी आणि कुणी दार वाजवावं, तसं काहीतरी.

"कशाला आलास? भरती लागलीय."

मी म्हणालो, तुझ्याजवळून चौकट चांगली दिसते. आणि त्याच्या ट्रायपॉडवर माझा कॅमेरा बसवला. कापलेल्या हातानं स्क्रू लागेना. तो बघत राहिला. मग पुढं होऊन त्यानंच तो लावून दिला, सवयीनं.

मी फोटो काढत होतो. कशाचे, ते मला माहीत नाही. समोर करडं पाणी होतं आणि मी बटण दाबत होतो. मागच्या घळीतला आवाज बदलत चालला होता. आधी खळखळ होती, मग घुसळल्यासारखा, जड. एक लाट आमच्या पायांवरून गेली आणि ट्रायपॉडचा एक पाय सरकला.

"बापू, आता जा. अजून जाता येईल."

"तू?"

"मी येतो मागनं."

"मग थांबतो."

पुढची लाट घोट्याच्या वर आली. मी शूरपणानं तिथं उभा होतो असं कुणी समजू नये. वळून घळीकडं बघायचीही हिंमत नव्हती. परत जायची वेळ माझ्या हातून केव्हा निसटली तेही मला कळलं नाही. पण त्याला सोडून जायचं, हे काही मनात येत नव्हतं. येत नव्हतं एवढंच.

"तुला पोहता येत नाही," तो म्हणाला.

"नाही."

"मग?"

"मग काय."

त्यानं मला शिवी दिली, हळू आवाजात. पस्तीस वर्षांच्या मैत्रीत त्यानं मला दिलेली ती पहिली. मग म्हणाला, "हे माझं आहे, बापू. तुझा ह्याच्यात काही संबंध नाही. तुझी बायको आहे घरी, पोरगी आहे."

"आहेत."

"त्यांना काय सांगायचं मी?"

हे त्याच्या तोंडून गेलं आणि तो एकदम थांबला. मीही त्याच्याकडं बघितलं. सांगायला तो असणार होता, असं त्या वाक्यात होतं. ते त्यालाही ऐकू आलं. तो खाली वाकला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, लांबून पळत आलेल्या माणसासारखा. त्याची पाठ हलत होती. रडत होता की दम लागला होता, मला दिसलं नाही. लाट आली आणि आम्हां दोघांनाही कमरेपर्यंत भिजवून गेली.

मग त्यानं माझी कॉलर धरली.

"ऐक. मला मिठी मारायची नाही. मला धरायचंच नाही. पाय सोडून द्यायचे, मी नेतो. नाकातोंडात पाणी जाईल, जाऊ दे."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. घळीतलं पाणी हिरवं नव्हतं, काळं होतं. पायाखालून दगड गेला. मी अर्थातच त्याला मिठी मारली आणि त्यानं माझ्या तोंडावर हात मारून ती सोडवली. मग सगळं आभाळ माझ्यावर आलं, आणि मानेमागं त्याची मूठ, एवढी एकच घट्ट गोष्ट त्या सगळ्यात होती. माझी नडगी कातळावर घासली. कुणीतरी मला वर ओढत होतं आणि खोकत होतं. ओट्यावर आम्ही दोघं पालथे पडलो होतो. मी मागं पाहिलं. दिनकरचा ट्रायपॉड त्या उंचवट्यावर अजून उभा होता, माझा कॅमेरा त्याच्यावर. थोड्या वेळानं पाहिलं तेव्हा नव्हता.

ओट्याच्या मुळाशी इक्बाल कमरेइतक्या पाण्यात उभा होता, तो गुडघा घेऊन. त्यानं आम्हांला वाळूवर आणलं, दिनकरला खुर्चीवर बसवलं, अंगातला स्वेटर काढून त्याचं डोकं पुसायला लागला. लहान पोराचं पुसतात तसं, खसाखसा, कानांमागंही. दिनकर मुकाट्यानं मान देत होता. उजेड आता डोंगरावरून खाली आला होता. लांबवर दोन होड्या चालल्या होत्या. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

"पाचला उठायची ती," दिनकर म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही. "म्हणजे तिला कूस बदलून द्यायला लागायची. मग पाणी तापवायचं, अंग पुसायचं. मग केस. केसांना वेळ लागायचा, ती हलायची. मग पेज. दिवस कसा जायचा ते कळायचं नाही. रोज वाटायचं, देवा, आता पुरे. रोज वाटायचं."

आम्ही दोघं उभेच होतो.

"ती गेली तेव्हा सगळे म्हणाले, सुटली. तूही सुटलास. चांगल्या मनानंच म्हणाले. मीही हो म्हणालो. पण अजून पाचलाच जाग येते रे. आणि हातांचं काय करायचं ते समजत नाही. अंधारात बसून असतो हात मांडीवर ठेवून."

इक्बालनं स्वेटर पिळला. "घरी चल," तो म्हणाला.

दिनकर म्हणाला, कुठल्या घरी.

"माझ्या. दुसऱ्या कुठल्या?"

काकूंनी न्याहारीला घावणे करून ठेवले होते. आमची कापडं बघून त्यांनी विचारलं, आणि इक्बालनं सांगितलं, बापू पाण्यात पडला. ते खोटंही नव्हतं. घाट चढताना दिनकर मागच्या सीटवर इक्बालच्या खांद्यावर डोकं टाकून झोपला होता. गाडी मी चालवत होतो. नडगीतलं रक्त बुटात उतरत होतं, पण मधे कुठं थांबावं असं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचे कपडे आणायला मी त्याच्या घरी गेलो. गॅलरीतल्या कुंड्या नव्हत्या. शेजारच्या बाई म्हणाल्या, त्यांनीच दिल्या हो आठवड्यापूर्वी, पाणी घालायला कंटाळा येतो म्हणाले. स्वयंपाकघरात गेलो. फ्रीज रिकामा करून, पुसून, त्याचं बटण बंद करून ठेवलं होतं. वास लागू नये म्हणून दारात कापडाची घडी घालून ते किलकिलं ठेवलं होतं. मी त्या फ्रीजसमोर जमिनीवर बसलो. कातळावर मला रडू आलं नव्हतं. तिथं आलं.

इक्बालची बायको शमीम हिला नवऱ्यानं काय सांगितलं मला माहीत नाही, पण तिनं एकदाही काही विचारलं नाही. दिनकरला पुढच्या खोलीत इक्बालच्या शेजारी गादी घातली. सांगलीच्या एका मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं आम्ही त्याला नेलं. पहिल्यांदा तो आत बसून गप्पच राहिला, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा बोलला. गोळ्या सुरू झाल्या. मधे एकदा त्यानं त्या घेणं सोडलं आणि सगळं पुन्हा खाली गेलं. मग पुन्हा सुरू केल्या. हे लवकर झालं नाही आणि सरळही झालं नाही. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो. कधी तो पत्ते खेळायचा, कधी भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. माझ्याशी मात्र त्या सकाळबद्दल एक अक्षर बोलत नसे. कधी कधी तर माझ्याशी मुळीच बोलत नसे.

त्या पावसाळ्यात शमीमची आई घसरून पडली. खुबा मोडला आणि म्हातारीला लेकीकडं आणलं. एका सकाळी इक्बालचा मला फोन आला. आवाज खाली घेऊन बोलत होता. शमीम आईची कूस बदलत होती, तिला जमत नव्हतं, म्हातारी ओरडत होती. दिनकर दारात येऊन उभा राहिला. बराच वेळ नुसता उभा. मग म्हणाला, थांबा वहिनी, तसं नाही. हात खांद्याखाली घाला आणि त्यांना आधी सांगा, आता वळवणार आहे म्हणून. आणि मग त्यानं स्वतःच म्हातारीला विचारलं, "अम्मा, वळवू का?" म्हातारी म्हणाली, वळव बाबा.

"आता काय करतोय?" मी विचारलं.

"केस विंचरतोय तिचं," इक्बाल म्हणाला.

दिनकर पुढं आपल्या घरी परत गेला. कुंड्या त्यानं नव्या आणल्या. आज तो सत्तरीकडं झुकलाय, कान थोडे कमी झालेत. आम्ही समुद्रावर पुन्हा गेलो नाही. कुणी तसं ठरवलं नाही, पण कुणी विषयही काढला नाही. फोटो आता तो गावातल्या माणसांचे काढतो, बाजारात, तालमीच्या कट्ट्यावर.

मागच्या दिवाळीत तो माझ्याकडं आला होता. फराळ झाला, बायको आत गेली. आम्ही दोघंच गच्चीत बसलो होतो. खाली पोरं किल्ल्याला माती लावत होती. तो त्यांच्याकडं बघत होता आणि एकाएकी, जसं काही मधे काहीच वर्षं गेली नाहीत, तसं म्हणाला, "बापू, त्या दिवशी मला तुझा फार राग आला होता."

"माहीत आहे."

"अजून आहे थोडा. काही काही सकाळी जास्त असतो."

मी विचारलं, तशा सकाळी काय करतोस?

"इक्बालला फोन लावतो. पहाटे पाचला. तो झोपेतनं उठून मला शिव्या घालतो." त्यानं चकलीचा उरलेला तुकडा उचलला, मोडला, अर्धा माझ्या हातावर ठेवला. "मग उठतो."